न झालेला कचरा

केंद्र सरकारच्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकवस्तीच्या शहरांमध्ये २०२० साली कऱ्हाड, २०२१ साली विटे आणि २०२२ साली पाचगणी अशी लागोपाठ तीन वर्षे सबंध देशात पहिली आली, आणि ही तिन्ही गावे सातारा व सांगली या दोन लगतच्या जिल्ह्यांतील आहेत, ही गोष्ट या मुलखातील माणसाने कोणापुढेही ताठ मानेने सांगावी अशीच आहे. कृष्णा-कोयनेच्या संगमावरचे कऱ्हाड, यंत्रमागांचे विटे आणि शाळांचे व प्रवाशांचे पाचगणी या तिघांचा संसार एकमेकांहून अगदी निराळा. तरीही तिघांना एकाच बाबतीत यश यावे, याचे श्रेय पहाटे हातगाडी घेऊन निघणाऱ्या सफाई कामगारांना, ओला आणि सुका कचरा वेगळा ठेवण्याची शिस्त अंगी बाणवून घेणाऱ्या गृहिणींना आणि गावोगाव या कामी कंबर कसणाऱ्या नगरपालिकांच्या कारभाऱ्यांना दिले पाहिजे. त्याही आधी, २०००-०१ साली, याच भागातील अंजनीचे आर. आर. पाटील ग्रामविकासमंत्री असताना संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झाले आणि झाडू हातात घेणे हे कमीपणाचे नव्हे, ही जाणीव खेड्यापाड्यांत रुजली, हेही विसरून चालणार नाही.

परंतु हे सारे यश मुख्यतः कचरा उचलण्याचे, निवडण्याचे आणि त्याची नीट विल्हेवाट लावण्याचे यश आहे. घंटागाडी दाराशी येण्यापूर्वी तो कचरा घरात आला कसा आणि त्यातला किती मुळात यायलाच नको होता, हा प्रश्न कोणत्याही सर्वेक्षणाच्या गुणपत्रिकेत ठळकपणे उमटत नाही. कारण जो कचरा झालाच नाही त्याचे वजन करता येत नाही, त्याचे छायाचित्र काढता येत नाही आणि त्याबद्दल कोणाला पारितोषिकही देता येत नाही. सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचे समडोळी रस्त्यावरचे आणि बेडग रस्त्यावरचे डेपो असोत की साताऱ्याचा सोनगावचा डेपो असो, कितीही यंत्रे बसवली आणि कितीही निविदा काढल्या तरी घराघरांतून येणारा ओघ वाढतच राहिला, तर ती यंत्रे आज ना उद्या अपुरी पडणार. घरगुती कचऱ्याचे खरे नियमन स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आणि किराणा दुकानाच्या फळीशी व्हावयास हवे. आणि ते करण्याची साधने, सवयी आणि संस्था या दोन जिल्ह्यांत इतरत्र क्वचितच आढळतील इतक्या प्रमाणात हाताशी आहेत, एवढेच येथे सांगावयाचे आहे.

चार माणसांच्या मध्यम परिस्थितीतील घराचा आठवड्याचा सुका कचरा जमिनीवर पसरून पाहिला, तर त्यात खाद्यपदार्थांच्या वेष्टनांचाच भरणा अधिक दिसतो. दुधाच्या आणि दह्याच्या पिशव्या, खाद्यतेलाची पिशवी, डाळी-साखरेची पाकिटे, श्रीखंडाचा रिकामा डबा, भडंगाची आणि शेवचिवड्याची पाकिटे, हॉटेलातून आणलेल्या रस्स्याची झाकणाची डबी, आणि बिस्किटाच्या पुड्याच्या बाबतीत तर बाहेरचा कागद, आतली पन्हळी ताटली आणि पुन्हा आतला कागद असा तिहेरी संसार. पाव किलो कंदी पेढे आणावेत तर पेढ्यांखाली कागद, भोवती पुठ्ठ्याची पेटी, पेटीवर पारदर्शक प्लास्टिकचा पापुद्रा आणि त्या सर्वांना धरायला पिशवी! यांपैकी मिठाईच्या पेटीवर गुंडाळावयाच्या पापुद्र्यास केंद्र सरकारने १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी घातली आहे, हे पुष्कळ गिऱ्हाइकांस ठाऊक नसते, आणि ज्यांस ठाऊक असावयास हवे त्यांच्याही ते सोयीस्करपणे ध्यानातून जाते.

हा पसारा सगळाच एका लायकीचा नाही. भंगारवाल्याचा तराजू याबाबत मोठा निःस्पृह परीक्षक आहे. दुधाची पिशवी एकाच जातीच्या प्लास्टिकची असल्याने ती धुऊन, वाळवून, गठ्ठा करून दिली तर तो घेतो. पाण्याची बाटली घेतो. पुठ्ठा आणि पत्र्याचा डबा आनंदाने घेतो. पण चिवड्याचे चकचकीत पाकीट त्याच्यापुढे कितीही स्वच्छ करून ठेवले तरी तो ते बाजूला सारतो. कारण त्या पाकिटात निरनिराळ्या प्लास्टिकांचे थर आणि त्यांच्यामध्ये धातूचा पातळ मुलामा असे काही एकजीव केलेले असते की, ते थर पुन्हा वेगळे करणे कोणालाच परवडत नाही. ते फार तर सिमेंटच्या भट्टीत जळण म्हणून जाते. एरवी डेपोवर पडून राहते किंवा वाऱ्यावर उडते. दुधाच्या पिशवीचीही एक गोम आहे. घाईच्या वेळी कात्रीने तिचा कोपरा छाटला की नखाएवढा त्रिकोणी तुकडा मोरीत, अंगणात नाहीतर खरकट्यात पडतो; तो कोणी वेचत नाही, कोणी तोलत नाही, आणि सकाळी घरटी एक या हिशेबाने असे हजारो तुकडे गटाराच्या वाटेने निघून जातात. पिशवीला नुसती चीर देऊन कोपरा तिलाच चिकटून राहू दिला, तर दुधाचा थेंबही अधिक सांडत नाही आणि तुकडाही मागे उरत नाही. इतके क्षुल्लक काम. पण त्याकडेही लक्ष जाण्यास आधी वेष्टन ही हिशेबात धरण्याजोगी वस्तू आहे असे वाटले पाहिजे.

पूर्वी असे नव्हते, वाणी वर्तमानपत्राच्या कागदात डाळ बांधून त्यावर दोऱ्याचे दोन फेर मारी, आणि तेव्हा कचरा होत नसे, असे उसासे टाकणारी मंडळी पुष्कळ आहेत. त्यांच्या स्मरणात खोटे काही नाही; परंतु सुटा माल जाऊन बंद पाकीट का आले, याचा इतिहास त्यांनी सोयीपुरता बाजूला ठेवलेला असतो. सुट्या मालात खडे असत, भेसळ असे, मापात मारलेले असे, आणि गिऱ्हाइकाची दाद लागण्याची मारामार असे. १९९८ सालच्या ऑगस्टमध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांचे तेल मिसळले गेले, जलोदरासारख्या रोगाची साथ उसळली आणि साठांहून अधिक माणसे प्राणास मुकली. त्यानंतर त्याच वर्षी केंद्र सरकारने खाद्यतेल बंद वेष्टनातच विकण्याचा हुकूम काढला. दळलेल्या मसाल्यांनाही पुढे हाच नियम लागू झाला. राहता राहिली वर्तमानपत्राची पुडी. तर छपाईच्या शाईतील द्रव्ये अन्नात उतरतात म्हणून २०१८ च्या अन्नवेष्टन नियमांनी तीही निषिद्ध ठरवली आहे. म्हणजे वेष्टनाचा जन्म केवळ व्यापाऱ्याच्या लोभातून झाला नसून गिऱ्हाइकाच्या रास्त भीतीतूनही झाला आहे, हे मान्य करूनच पुढे बोलले पाहिजे. तसेच, ज्या भडंगाचा कुरकुरीतपणा हेच सर्वस्व, ते पावसाळ्यात उघड्यावर ठेवा म्हणणे किंवा दूध नासले तरी चालेल पण पिशवी नको म्हणणे हाही शहाणपणा नव्हे. कारण वाया गेलेल्या अन्नामागे शेतकऱ्याचे पाणी, खत आणि श्रम वाया गेलेले असतात, आणि ती हानी पिशवीहून मोठी असते.

मात्र जे वेष्टन भीतीपोटी आले ते जेथे भीतीचे कारण नाही तेथेही मुक्काम ठोकून बसले, हा खरा तक्रारीचा मुद्दा आहे. तुरीची डाळ, मूग, शेंगदाणे, साखर, गूळ, पोहे, तांदूळ, ज्वारी या वस्तू डोळ्यांनी पारखता येतात, हाताने चाचपता येतात आणि घरी नेऊन निवडता येतात. त्यांना अर्ध्या अर्ध्या किलोच्या पाकिटात कोंडून गिऱ्हाइकाचे कोणतेही संरक्षण साधत नाही. सरकारच्या करव्यवस्थेनेही येथे अजाणता का होईना सुट्या मालाचीच बाजू घेतली आहे: १८ जुलै २०२२ पासून पिशवीत बंद करून नाव छापलेल्या डाळी, तांदूळ, पीठ यांवर पाच टक्के वस्तू व सेवा कर बसला, आणि तोच माल सुटा घेतला तर त्यावर कर नाही. म्हणजे ज्या पाकिटाचे पैसे आपण मालाच्या किमतीत मोजतो, त्यावर कर भरतो आणि ते फेकून देण्यासाठी नगरपालिकेची घरपट्टीही भरतो, ते पाकीट निदान या वस्तूंपुरते तरी आपल्याला मुळीच नको आहे.

‘स्वतःचे भांडे घेऊन जा’ असे म्हटले की, हे आजच्या धावपळीत कसे जमणार, असा प्रश्न लगेच पुढे येतो. त्याचे उत्तर शोधण्यास लांब जावयास नको. पेठेतील कोणत्याही पिठाच्या गिरणीसमोर सकाळी दहा मिनिटे उभे राहावे. ओळीने लावलेले पत्र्याचे आणि स्टीलचे डबे, प्रत्येकाच्या झाकणावर रंगाने घातलेले आडनाव, आत धान्यावर खोचलेली चिठ्ठी आणि तीवर ‘ज्वारी, बारीक’ किंवा ‘गहू, जाड’ असा हुकूम. दुपारी तेच डबे भरलेले, कोमट आणि पांढरी धूळ ल्यालेले परत घरी. इतक्या घरांचे धान्य, इतक्या प्रकारचे दळण, आणि एका पाकिटाचीही आवश्यकता न पडता वर्षानुवर्षे बिनबोभाट चाललेला हा व्यवहार! जे गिरणीवाल्याला साधते ते किराणा दुकानदाराला का साधू नये, या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर अद्याप कोणी दिलेले नाही. पूर्वीचा वाणी रिकाम्या डब्याचा धडा करून मग माल तोलत असे. त्यासाठी दुसऱ्या पारड्यात वजने चढवावी-उतरवावी लागत आणि गिऱ्हाइके खोळंबत. आता इलेक्ट्रॉनिक काट्यावर रिकामा डबा ठेवून एक कळ दाबली की आकडा शून्यावर येतो आणि पुढे पडेल तेवढ्याच मालाचे वजन दिसते. म्हणजे आपल्या काळाने हे काम पूर्वीपेक्षा सुलभ केले आहे. आपण मात्र ते सोडून दिले आहे.

दळणाचीच गोष्ट कशाला? उन्हाळा तापू लागला की सातारा-सांगलीकडील घराघरांत वर्षाच्या चटणीची लगबग सुरू होते. ब्याडगी, संकेश्वरी, लवंगी मिरच्यांची निवड, देठ खुडणे, धणे-खोबरे-मसाल्यांची भाजणी, कांदा-लसणाचे वाटण आणि शेवटी डंकावर जाऊन आपल्या देखरेखीखाली कुटून घेतलेली ती लालभडक रास चिनी मातीच्या बरणीत दडपून भरली की वर्षाची निश्चिंती. त्याच चटणीऐवजी दरमहा पाकिटे आणली तर वर्षाकाठी जो ढीग होईल त्याची कल्पना ज्याची त्याने करावी. सहकारी साखर कारखान्यांचे सभासद असलेल्या कुटुंबांना सवलतीच्या दराची साखर मिळते, आणि ती पुष्कळदा पोत्यानेच घरी येते. ते पोते रिकामे झाल्यावर धान्याला, पायपुसण्याला, गोठ्याला अशा किती कामी येते ते सांगणे नलगे. हरिपूरच्या शेतकऱ्यांनी व व्यापाऱ्यांनी हळद साठवण्यासाठी जमिनीच्या पोटात खोल पेवे खोदली आणि २००५ च्या महापुराने त्यांतील पुष्कळशी निकामी करीपर्यंत पिढ्यान् पिढ्या त्यांत हळद टिकवली; कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीत १९१६ पासून ओगले बंधूंनी काचेचा कारखाना नावारूपास आणला आणि त्यांचा प्रभाकर कंदील घरोघर पोहोचला. माल टिकवावा कसा आणि तो ठेवण्याचे साधन पुनःपुन्हा वापरावे कसे, याबद्दल या मुलखाला बाहेरून धडे घेण्याची गरज नाही.

आता कायद्याकडे वळू. २००६ च्या अविघटनशील कचरा नियंत्रण कायद्यान्वये महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक व थर्माकोलच्या वस्तूंसंबंधी अधिसूचना काढली, आणि तीन महिन्यांच्या मुदतीनंतर तिची अंमलबजावणी सुरू झाली. पहिल्या गुन्ह्यास पाच हजार, दुसऱ्यास दहा हजार आणि तिसऱ्यास पंचवीस हजार रुपये दंड व तीन महिन्यांची कैद, अशी तिची जरब होती. लोकांच्या स्मरणात त्या अधिसूचनेतील पिशवीबंदी आणि दंडाचे आकडे राहिले. परंतु तिच्यातील सर्वांत दूरदृष्टीची तरतूद फारशी गाजावाजा न होता दप्तरात पडून राहिली. दुधाच्या पिशवीस बंदी न घालता ती पन्नास मायक्रॉनहून पातळ नसावी आणि तिच्यावर निदान पन्नास पैसे परतावा-मूल्य छापलेले असावे, म्हणजे गिऱ्हाइकाने रिकामी पिशवी परत केली की ते पैसे त्यास मिळावेत, अशी ती तरतूद होती. पाण्याच्या बाटल्यांसाठीही रुपया-दोन रुपयांची अशीच योजना होती. २०१९ च्या जूनमध्ये तत्कालीन पर्यावरणमंत्री रामदास कदम यांनी विधानसभेत सांगितले की, राज्यात रोज सुमारे एक कोटी दुधाच्या पिशव्या वापरल्या जातात आणि त्यांतून एकतीस टन कचरा होतो. महिन्याभरात परताव्याची पद्धत सुरू होईल असेही आश्वासन त्यांनी दिले. त्या महिन्यानंतर किती महिने लोटले ते वाचकांनी मोजावे. आपल्या दाराशी पहाटे पडणाऱ्या पिशवीच्या बदल्यात पन्नास पैसे कोणी परत मागितल्याचे किंवा दिल्याचे या भागात तरी दृष्टीस पडत नाही.

पन्नास पैशांनी काय होते, असे म्हणणाऱ्यांनी साधा हिशेब करून पाहावा. दररोज अर्ध्या लिटरच्या दोन पिशव्या घेणारे घर वर्षाला ७३० पिशव्या रिकाम्या करते. त्यांची अनामत ३६५ रुपये होते. अशी दहा हजार घरे असलेल्या गावात वर्षाकाठी ७३ लाख पिशव्या आणि साडेछत्तीस लाख रुपये एवढी ती बाब होते. ज्या पिशवीला किंमत आहे ती गटारात पडून राहत नाही. घरच्याने टाकली तरी कचरावेचक बाई ती उचलते, कारण तिच्या दृष्टीने ते पैसे असतात. हेच घर एक लिटरची एकच पिशवी घेऊ लागले तर पिशव्यांची संख्या त्याच दिवशी निम्मी होते, हा आणखी एक बिनखर्चाचा लाभ. परक्या देशांत ही पद्धत नवी नाही. जर्मनीने एकदाच वापरावयाच्या बाटल्या-डब्यांवर २००३ सालापासून अनामत बसवली, आणि तेथे रिकामी बाटली दुकानात परत नेणे हा नित्याचा परिपाठ होऊन बसला आहे. आपल्याकडेही निलगिरीच्या डोंगराळ जिल्ह्यात मद्याच्या रिकाम्या बाटल्या जंगलात फेकल्या जाऊ लागल्या तेव्हा न्यायालयाच्या पुढाकाराने २०२२ साली बाटलीमागे दहा रुपये अनामत घेण्याची पद्धत सुरू झाली. आणि शेजारच्या गोव्याने २०२४ साली वेष्टनांसाठी अनामत-परतावा योजना अधिसूचित केली. इतके कशाला, आपल्या प्रत्येकाच्या स्वयंपाकघरात गॅसचे सिलिंडर आहे. त्याची अनामत भरलेली आहे आणि रिकामे दिल्यावाचून भरलेले मिळत नाही. तो नियम कोणास जाचक वाटत नाही, आणि आजवर कोणी सिलिंडर उकिरड्यावर फेकल्याचे ऐकिवात नाही.

ही पद्धत सातारा-सांगलीत सुरू करणे अन्य ठिकाणांहून सोपे का आहे, हे येथे स्पष्ट केले पाहिजे. मोठ्या शहरातील गिऱ्हाईक ज्या वेष्टनाचा कचरा करते, त्याचा कर्ता कोठे तरी दूर असतो. त्याच्याशी बोलणे तर सोडाच, त्याचा पत्ताही माहीत नसतो. येथे तशी स्थिती नाही. १९३९ साली भिलवडीत चितळे यांनी दुग्धव्यवसायाचा पाया घातला तेव्हापासून दूध हा या भागाचा एक मोठा उद्योग आहे, आणि तालुक्या-तालुक्यांतील सहकारी दूध संघांचे सभासद हे गावोगावचे गवळी आणि शेतकरीच आहेत. जो शेतकरी सकाळी डेअरीत किटली रिकामी करतो, त्याचाच भाऊ किंवा मुलगी शहरात राहून तेच दूध पिशवीतून विकत घेते. म्हणजे पिशवी भरणारा आणि पिशवी फेकणारा एकाच नात्यातले आहेत. संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत दरवाढीचा, रिबेटचा आणि पशुखाद्याचा विषय निघतो तसा रिकाम्या पिशवीचा विषयही निघावा, आणि सभासदाने उठून अध्यक्षांस तो विचारावा, यात अशक्य असे काय आहे? दूध टाकणारा माणूस रोज पहाटे ठराविक घरी जातोच. आठवड्यातून एकदा त्याने धुतलेल्या पिशव्यांचा जुडगा उचलावा, महिन्याच्या बिलातून तेवढे पैसे वजा करावेत, आणि संघाच्या परत फिरणाऱ्या रिकाम्या गाडीतून तो माल एकत्र व्हावा, एवढी तजवीज केली की कारकुनीचा नवा खटाटोप न वाढवता काम भागते. २०२२ पासून उत्पादकांवर आपल्या प्लास्टिकच्या विल्हेवाटीची जबाबदारी कायद्याने टाकलीच आहे. ती कोठल्या तरी परगावच्या प्रक्रियेचे प्रमाणपत्र विकत घेऊन पुरी करण्यापेक्षा आपल्याच गिऱ्हाइकाच्या दारातून पुरी करणे अधिक प्रामाणिकपणाचे होईल.

या विषयावर लिहिताना एक सावधगिरी बाळगणे अवश्य आहे. पाच-दहा रुपयांच्या बारक्या पाकिटांतून मालाच्या मानाने सर्वाधिक कचरा होतो हे खरे. परंतु ती पाकिटे घेणारा माणूस चैनीखातर ती घेत नाही. ऊसतोडीच्या हंगामात बीड-नगरकडून आलेले मजूर कारखान्यांच्या तळांवर पाल ठोकून राहतात. त्यांच्या हाती रोजच्या रोज जे चार पैसे पडतात त्यांत चहाची पूड, तेल, मसाला यांची बारकी पुडीच बसते. त्यांना पर्यावरणाचा उपदेश करणे हे निर्दयपणाचे होईल. त्यांच्यासाठी सुटा माल हा बारक्या पाकिटाहून स्वस्तच पडेल, कारण त्यात वेष्टनाची आणि जाहिरातीची किंमत नसते. मात्र तो सुटा माल स्वच्छ, निर्भेळ आणि बरोबर मापाचा मिळेल याची हमी देणे हे अन्न व औषध प्रशासनाचे आणि वैधमापन खात्याचे काम आहे. हंगामाच्या तोंडावर या खात्यांच्या निरीक्षकांनी कारखान्यांभोवतालच्या दुकानांची तपासणी काटेकोरपणे केली, तर मजुरांचे आरोग्य आणि परिसराची स्वच्छता ही दोन्ही कामे एकाच फेरीत साधतील. भेसळीची भीती जाईल तसतशी पाकिटाची गरज कमी होईल. केवळ दंडाच्या बडग्याने ती जाणार नाही.

घरच्या पातळीवर करावयाचे ते फार थोडे आणि फार साधे आहे. डाळी-कडधान्ये, साखर, पोहे, शेंगदाणे हा महिन्याचा माल स्वतःच्या डब्यांत किंवा कापडी पिशव्यांत आणावा. तेल पिशवी-पिशवीने न घेता ऐपतीप्रमाणे पंधरा किलोचा डबा किंवा पाच लिटरचा कॅन घ्यावा, कारण रिकाम्या डब्याला भंगारातही किंमत येते. दूध मोठ्या पिशवीतून घ्यावे आणि रिकामी पिशवी धुऊन टांगावी. मांसमच्छी आणि हॉटेलातील पदार्थ आणावयास जाताना स्टीलचा डबा न्यावा. दुकानदार पहिल्या खेपेस चमकून पाहील, दुसऱ्या खेपेस काही विचारणार नाही. ज्याला चकचकीत पाकिटातला पदार्थ हवाच असेल त्याने तो अवश्य खावा, पण पाच लहान पाकिटांऐवजी एक मोठे घ्यावे. नगरपालिकांनीही या कामी आपला हिस्सा उचलावा: सुटा माल गिऱ्हाइकाच्या भांड्यात देणाऱ्या दुकानांची यादी प्रभागवार प्रसिद्ध करावी, बचतगटांना भडंग, चटणी, पापड, सांडगे हे पदार्थ काचेच्या परत घेण्याच्या बरण्यांतून विकण्यासाठी आठवडा बाजारात जागा द्यावी, आणि प्रभागातून दरडोई किती सुका कचरा निघाला याचा आकडा दरमहा फलकावर लावावा, म्हणजे कमी कचरा करणाऱ्यांचेही नाव होईल.

हे सारे निकडीचे का, ते कृष्णाकाठच्या माणसास निराळे सांगावे लागू नये. महाबळेश्वरी उगम पावलेली कृष्णा वाई, माहुली, कऱ्हाड, औदुंबर, भिलवडी या वाटेने सांगलीस येते आणि हरिपुरास वारणेला भेटते; साताऱ्याच्या ओढ्यात जे पडते त्यातले धरणा-बंधाऱ्यांत न अडकता जे उरते ते शेवटी सांगलीच्या काठाला लागते. १९४९ साली या भूभागाच्या दक्षिणेकडील भागाचा ‘दक्षिण सातारा’ असा स्वतंत्र जिल्हा झाला आणि १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. सरहद्दीची रेघ कागदावर आली, पाण्यात मात्र आली नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीच्या आयर्विन पुलाशी पाणी सत्तावन्न फुटांवर गेले, आणि ते ओसरल्यावर काठावरच्या बाभळींच्या आणि उसाच्या शेंड्यांना प्लास्टिकच्या चिंध्या लटकलेल्या राहिल्या. पुराचे कारण प्लास्टिक हे नव्हे, अतिवृष्टी आणि पाण्याचे नियोजन हे होते. तरी शहरातील ओढे आणि गटारे तुंबली की पावसाचे पाणी घरात शिरण्यास वेळ लागत नाही, आणि ती तुंबवणाऱ्या ऐवजात आपल्या स्वयंपाकघरातून निघालेला माल किती असतो ते गटार उपसणाऱ्या कामगारास विचारावे.

म्हणून दोन मागण्या आणि एक विनंती करून हा लेख पुरा करतो. राज्य शासनाने २०१८ च्या अधिसूचनेतील परतावा-मूल्याची तरतूद दप्तरातून बाहेर काढून तिची तारीख जाहीर करावी. शासनाच्या हुकमाची वाट न पाहता सातारा आणि सांगली जिल्ह्यांतील एखाद्या दूध संघाने एका शहरात, एका वर्षाच्या मुदतीने, रिकामी पिशवी पन्नास पैशांना परत घेण्याचा प्रयोग सुरू करावा आणि त्याचा जमाखर्च सभासदांपुढे मांडावा. आणि वाचकांना विनंती इतकीच की, पुढच्या महिन्याचा किराणा आणावयास निघताना घरातले चार रिकामे डबे बरोबर घ्यावेत, आणि दुकानदाराने पाकीट पुढे केले तर ‘सुटी डाळ द्या’ असे त्यास स्पष्टपणे सांगावे. गिऱ्हाईक जे मागते तेच दुकानदार ठेवतो.